अलिप्त राहण्यासाठी मारलेले नातेवाईक

पहिलं महायुद्ध कसं सुरू झालं, हे माझ्या नवऱ्यानं मला दाढी करता करता सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत. एवढ्या लांबची भांडणं आम्हाला शिकवत नव्हते. नवरा नागपुरात सदरला एका कचेरीत कारकून होता आणि रोजचा पेपर जाहिरातींसकट वाचायचा. त्याचं म्हणणं असं, की कुठल्याशा गावात एका राजपुत्राला कोणीतरी गोळी घातली. त्याच्या लोकांनी गोळी घालणाऱ्यांच्या मुलखावर चढाई केली. त्यांची बाजू घ्यायला रशिया उठला, रशियाला अडवायला जर्मनी उठला, जर्मनीला अडवायला फ्रान्स आणि इंग्रज उठले, आणि इंग्रजांच्या मागे आपली पोरं गेली मरायला.

"अन् त्या राजपुत्राले आपल्यातलं कोणी ओळखत होतं का?" मी विचारलं.

"नाई."

"मग आपण काहून गेलो?"

"आपण गेलो नाई, आपल्याले नेलं," तो म्हणाला आणि बोलण्याच्या नादात गाल कापून घेतला.

मला ते सगळं बनावट वाटलं. राज्य चालवणारी माणसं इतकी मूर्ख असतील यावर माझा विश्वास बसेना. मग एकाहत्तर सालचा उन्हाळा आला आणि आमच्या गल्लीत अगदी तसंच झालं, तेव्हा बसला.

आमची गल्ली उमरेड रोडच्या बाजूची. दोन्हीकडं घरं आणि मधे मोकळी जागा. समोरच्या रांगेत एका सरकारी खात्याचा ड्रायव्हर राहायचा. खात्याची जीप त्याच्या दारात उभी असायची. जीप सरकारची होती, पण त्याची बायको ती माहेरून आंदण आणल्यासारखी वागायची. म्हणून आम्ही तिला जीपवाली म्हणायचो. तिच्या समोर, म्हणजे आमच्या शेजारी, नर्सबाई. बाळंतपणाच्या दवाखान्यात नोकरी, नवरा लवकर गेलेला, आणि सगळ्या जगाला टोचून घ्यायला रांगेत उभं केल्यासारखं बोलायची सवय. दोघी एकमेकींच्या मैत्रिणी होत्या. भांडायला आधी मैत्री लागतेच.

चैत्र-वैशाख म्हणजे आमच्याकडं वाळवणाचे दिवस. कुरडयांचा गहू भिजवायचा, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, आणि ऊन चढायच्या आत सगळं घालून मोकळं व्हायचं. एकट्या बाईचं ते काम नाही. म्हणून आज तुम्ही सगळ्या माझ्या घरी, उद्या आम्ही सगळ्या तुमच्या घरी. पापड लाटायला आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. कोणी पैसा घेत नसे, पण कोण कोणाकडं आलं आणि कोण आलं नाही, हे बायकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असे. जी तुमच्या घरी येऊन गेली, तिच्या घरी तुम्ही गेलंच पाहिजे. आणि तिचं कोणाशी बिनसलं, तर त्या दुसरीच्या घरी लाटणं घेऊन जायचं नाही. हे कोणी ठरवलं ते माहीत नाही. माझ्या सासूच्या वेळीही असंच होतं.

त्या दिवशी नर्सबाईनं ओल्या कुरडया धुतलेल्या लुगड्यावर घालून बाज मोकळ्या जागेत टाकली होती. ड्रायव्हरनं जीप मागं घेतली. बाजेचा पाय मोडला आणि कुरडया धुळीत. बस, एवढंच. खरं सांगायचं तर नर्सबाईच्या कुरडया तळल्यावर फुलत नसत आणि हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा जगाचं फार नुकसान झालं असं मी म्हणणार नाही.

ड्रायव्हर भला माणूस. खाली उतरून म्हणाला, "चुकलं बाई, पाय मी बसवून देतो." तिथं मिटलं असतं. पण जीपवाली बाहेर आली.

"बाज रस्त्यात काहून टाकली म्हणतो मी?"

"रस्ता तुह्या बापाचा आहे का?"

जीपवालीचा बाप मागच्याच वर्षी वारला होता. नर्सबाई त्याच्या तेराव्याला जेवून आली होती. आता जीपवालीनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "माह्या मेलेल्या बापाचं नाव काढलं. आयका सगळेजण."

सगळेजण ऐकतच होते. संध्याकाळपर्यंत जीपवालीकडं ज्या ज्या चीक घोटायला गेल्या होत्या त्या एका बाजूला, आणि नर्सबाईकडं गेलेल्या दुसऱ्या बाजूला. ज्या दोघींकडं गेल्या होत्या त्यांनी शेवटी कोणाकडं गेलो ते आठवून बाजू घेतली. ज्यांचं या दोघींशी काहीच नव्हतं, त्या आपल्या आपल्या जोडीदारणीच्या मागं गेल्या. नळावर दोन रांगा लागल्या. नळ एकच होता. बाप्यांचं तर विचारूच नका. माझा नवरा रोज संध्याकाळी ओट्यावर पत्ते खेळायचा. चौघांतले दोघं त्या बाजूच्या बायकांचे नवरे निघाले आणि डाव मोडला.

"बायकांचं भांडण," नवरा चिडून म्हणाला, "अन् माह्या पत्त्यांवर बॉम्ब."

"आपल्याले नेलं," मी म्हटलं.

मी मात्र कोणत्याच बाजूला गेले नाही. आता यावर लोक काय समजतात ते मला ठाऊक आहे. जो भांडणात पडत नाही तो समजूतदार असतो, दोन्ही बाजू तोलून पाहतो, वगैरे. मी काही तोललं नाही. माझी थोरली मुलगी बाळंतपणाला घरी आली होती. ही तिची दुसरी खेप, आधीचं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं. नर्सबाईनं पोटाला हात लावून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"लेकरू उलटं आहे, वहिनी. पायाळू. हे घरी करायचं काम नाही. कळा सुरू झाल्या का दवाखान्यात न्या, अन् मी संग असीन. रिक्षात बसवू नका. त्या हिसक्यानं काय होईल सांगता येत नाही."

रिक्षा नाही म्हणजे जीप. आणि जीप कोणाच्या दारात होती ते वर लिहिलं आहे. मला हात एका घरचे पाहिजे होते आणि चाकं दुसऱ्या घरची. असं असलं की माणूस आपोआप शहाणं होतं. राज्यांचंही तेच असणार. ज्याला दोन्हीकडून काही हवं नाही तो खुशाल एकाच्या बाजूनं लढायला जातो. ज्याचं दोन्हीकडं अडलं आहे तो शांततेवर भाषण करतो.

पण लढणारे लोक तुम्हाला गप्प बसू देत नाहीत. जीपवाली घरी आली. मुलीच्या पोटाकडं बघत म्हणाली, "काकू, परवा माह्या घरी पापड आहेत. लाटणं घेऊन या. अन् पोरीले गाडी लागली तं सांगजा, आपलीच आहे." नुसतं गाडीचं सांगितलं असतं तर मी आशीर्वाद दिला असता. पापडाला गाडी बांधून दिली होती.

दुपारी नर्सबाई. "परवा पापड घेतले मी."

"परवाच?"

"हो. परवाच. कोण कोणाचं आहे ते दिसन."

रात्रभर मला काही सुचेना. आजारी आहे म्हणावं, तर नर्सबाई येऊन नाडी बघेल. गावाला जावं, तर मुलीला कोण बघेल. सकाळी चूल पेटवताना मला उमरेडचे चुलत सासरे आठवले. म्हातारे, एकटे, आमच्याकडं क्वचित येणारे. मी बाहेर आले आणि दाराशी बसून राहिले. पहिली बाई पाण्याला जाताना थांबली.

"काय झालं?"

"उमरेडचे मामंजी गेले," मी म्हटलं.

सुतक. दहा दिवस कोणाच्या वाळवणाला हात लावायचा नाही, कोणाच्या घरी शिजवायच्या कामाला जायचं नाही. यावर जीपवालीही बोलू शकत नव्हती आणि नर्सबाईही. दोघी येऊन मला भेटून गेल्या, वेगवेगळ्या वेळी. दोघींनी सांगितलं की मी नसल्यानं त्यांचं फार अडणार आहे, आणि दोघींच्या तोंडावर दिसत होतं की दुसरीकडंही मी जाणार नाही याचंच त्यांना समाधान आहे. तटस्थ माणसाकडून लोकांना तेवढंच पाहिजे असतं.

नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं. तो सायकल टेकवून उभाच राहिला.

"काका गेले?"

"नाई गेले. मी मारले."

समजावल्यावर त्यानं गालावरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे मले दाढी करता येणार नाई."

"नाई."

"कचेरीत सायेब विचारन."

"सांगा, काका गेले. रडायची गरज नाई."

त्याला ते आवडू लागलं हे मात्र खरं. साहेबानं त्याचं सांत्वन केलं आणि लवकर घरी सोडलं. तो म्हणायचा, आपलं दिल्लीचं सरकारही असंच आहे, ना अमेरिकेच्या बाजूचं ना रशियाच्या, दोघांकडून घ्यायचं आणि दोघांना नमस्कार करायचा, याला अलिप्तता म्हणतात. मी विचारलं, "त्यांनी कोणाले मारलं?" यावर पेपरात काही आलेलं नव्हतं.

दहा दिवसांनी सुतक फिटलं, पण आता शेवयांचं काम निघालं. गल्लीतलं भांडण जराही कमी झालं नव्हतं. उलट आता जीपवालीनं मोकळ्या जागेत विटांची ओळ मांडली होती, इकडची बाज इकडं आणि तिकडची तिकडं. मला पुन्हा दोन्हीकडून बोलावणं आलं. मी बेसाच्या आत्तेसासूला वर पाठवून दिलं. बेसा तेव्हा शेतातलं खेडं होतं, तिथून खबर यायला कोणी नव्हतं. पण ती पडली लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली. तिचं सुतक तीनच दिवसांचं, त्यामुळं फारसं परवडलं नाही. नवरा दाढी खाजवत म्हणाला, "तू अजून कोणाले मारून राहिली? माह्या बाजूचेच काहून मरतात? तुह्या माहेरी कोणी नाई का?"

"माहेरच्याचं सुतक लागत नाई मले. लागलं असतं तं मागं पाहिलं नसतं."

आणि एका सकाळी उमरेडचे मामंजी एसटीतून उतरले. डोळे दाखवायला नागपूरला आले होते. जीपचा ड्रायव्हर स्टँडवरून येत होता, त्यानं पत्ता विचारणाऱ्या म्हाताऱ्याला जीपमधे घेतलं आणि आमच्या दारात आणून सोडलं. जीपवाली ओट्यावर होतीच.

"हे कोण, काकू?"

"गेले त्यांचे मोठे भाऊ," मी म्हटलं आणि म्हाताऱ्याला हाताला धरून आत ओढलं.

आत त्यांना सगळं सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. आपण कशानं गेलो एवढं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झोपेत गेलात. ते त्यांना बरं वाटलं. मग म्हणाले, मटणाचा रस्सा कर, खूप दिवस झाले. मी म्हटलं, आत्याबाईचं सुतक चालू आहे, घरातून मटणाचा वास गेला तर माझी अलिप्तता संपली. म्हातारा बिचारा आपल्या जिवंत बहिणीच्या सुतकात वरण-भात खाऊन उमरेडला परत गेला.

मुलीला कळा लागल्या त्या भर वैशाखात, टळटळीत दुपारी. ड्रायव्हर जेवायला घरी आला होता, नर्सबाई सकाळपाळी करून आली होती. म्हणजे हात आणि चाकं दोन्ही जागेवर होती. मी आधी जीपवालीकडं धावले.

ती म्हणाली, "आत्ता काढतो गाडी. पण ती बाई माह्या गाडीत बसन नाही."

मी नर्सबाईकडं गेले. ती पिशवी घेऊन तयार उभी होती. "चला. पण मी त्या जीपमधी पाय ठेवणार नाही. मेली तरी नाही."

तिच्या मरणाचा इथं काही प्रश्न नव्हता. मरणार होती ती माझी मुलगी. मी त्या दोघींच्या मधे, त्या विटांच्या ओळीवर उभी राहून एवढं म्हटलं, की तुमच्यातली जी माझ्या पोरीच्या आड येईल, तिच्या दारात मी पोरीचं मढं आणून ठेवीन. यात काही मुत्सद्दीपणा नव्हता. दोघींनी ऐकलं. पण मान दोघींनाही सोडवेना. शेवटी निघालं ते असं: मुलगी जीपमधे मागच्या बाकावर आडवी, तिचं डोकं जीपवालीच्या मांडीवर, पायाशी मी, आणि बाजूनं सायकलरिक्षात नर्सबाई. रिक्षावाला घामाघूम होऊन पायडल मारतोय आणि ड्रायव्हर त्याच्या चालीनं जीप हळूहळू हाकतोय. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. वरात समजली असावी.

रिक्षा आणि जीप यांत दोन हातांचं अंतर. तरी त्या एकमेकींशी बोलेनात.

"सांगा तिले, डोकं वर घे पोरीचं," नर्सबाई मला म्हणाली.

"डोकं वर घे," मी जीपवालीला सांगितलं.

"विचारा तिले, किती वर."

"किती वर?"

"वहिनी, मी बहिरी नाही. उशीएवढं म्हणा तिले."

नवऱ्यानं मला नंतर सांगितलं की दोन राज्यांची लढाई लागली की त्यांचे निरोप तटस्थ राज्यंच पोचवतात. मला सांगायची गरज नव्हती. मी ते दीड मैल केलं आहे, पोरीच्या किंकाळ्या ऐकत.

छोट्या लाईनचं फाटक बंद होतं. नागपूर-उमरेडची ती आगगाडी म्हणजे बैलगाडीची धाकटी बहीण. दिसायला लागली तरी यायला वेळ. जीप थांबली, रिक्षा थांबली. मुलीनं माझा दंड धरला, आणि मी लुगडं सारून पाहिलं तर पाय. एवढासा, जांभळा, नखांसकट.

"पाय आला," मी म्हटलं.

नर्सबाई रिक्षातून कधी उतरली आणि जीपमधे कधी चढली ते मी पाहिलं नाही. मला तिनं कोपरानं बाजूला केलं. दुसरा पाय तिनं बोटांनी शोधून काढला. मग मान वर न करता म्हणाली, "खांदे धर तिचे. घट्ट. हलू देऊ नको."

"धरले," जीपवाली म्हणाली.

"मी म्हणतो तवा वर घे."

"घेतो."

चैत्रापासून त्यांचं हे पहिलं बोलणं. मी मधे नव्हते. आगगाडी फाटकाशी आली तेव्हा मूल खांद्यापर्यंत बाहेर होतं आणि डोकं अडलं होतं. नर्सबाईच्या कपाळावरून घाम मुलीच्या पोटावर पडत होता. शिट्टी, धूर, डबे. डोकं सुटलं. नात होती. निळी पडलेली, ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. नर्सबाईनं तिचं तोंड बोटानं पुसलं, पाठ चोळली, उलटी धरली, तोंडात फुंकर घातली, पुन्हा चोळली. गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी फक्त ते तोंड बघत होते. मग ते उघडलं. रडणं मला ऐकू आलं नाही, पण तोंड असं उघडलेलं की जीभ दिसत होती. जीपवालीनं आपला पदर फाडला आणि नर्सबाईकडं फेकला, आणि तिनं तो मुकाट्यानं घेतला.

फाटक उघडल्यावर आम्ही दवाखान्यात गेलो. मुलीला टाके पडले, ताप आला, ताप उतरला. रिक्षावाला मागून रिकामी रिक्षा घेऊन दवाखान्यापर्यंत आला, भाडं घेतलं आणि पेढाही मागितला.

आम्ही घरी आलो त्याच आठवड्यात ड्रायव्हरनं जेवता जेवता बायकोला सांगितलं, की त्या दिवशी जीपमधे तो म्हातारा त्याला म्हणाला होता, मीच उमरेडचा, एकच भाऊ होता तो कधीच वारला. इतके दिवस का नाही सांगितलं, तर म्हणे कोणी विचारलं नाही. जीपवाली जेवणावरून उठली आणि सरळ नर्सबाईच्या घरी गेली. थोड्या वेळानं दोघी माझ्या दारात. बरोबर, खांद्याला खांदा लावून.

"काय वं वहिनी," नर्सबाई म्हणाली, "तुह्या घरी अजून कोणी जित्तं आहे का, का सारेच संपवले?"

"मी त्यांच्यासाठी रडली होती," जीपवाली म्हणाली. "माह्या बापाची आठवण येऊन रडली."

"आम्हाले खेळवून राहिली ही," नर्सबाई म्हणाली. "इकडून जीप, तिकडून नर्स."

"मंग काय करू?" मी म्हटलं. "तुमच्या पापडांपाई पोरगी घालवू? अन् खरं आयकाचं असन तं आयका. बाज रस्त्यातच होती. अन् ड्रायव्हरनं मागं पाहिलं नव्हतं. झालं?"

आता मला कोणाचं काही नको होतं, म्हणून मी खरं बोलले. दोघींना एकदमच राग आला, आणि एकाच वेळी आला म्हणून त्यांचं जुळलं. त्या दिवसापासून विटांची ओळ गेली, नळावर एक रांग झाली, नवऱ्याचे पत्ते सुरू झाले. गल्लीत बोलणं बंद असलेलं एकच घर राहिलं, ते माझं.

पण नातीला न्हाऊ घालायला दोघी रोज यायच्या. एक तेल लावायची, एक पाणी घालायची, आणि मला मोरीकडं फिरकू द्यायच्या नाहीत. मी उंबऱ्यावर बसायची. मुलगी सासरी जायच्या आधीच्या दिवसांत, पावसाळ्यात, दिल्लीनं रशियाशी करार केल्याची बातमी आली. नवरा शेजारी पेपर वाचत होता. त्याला वाईट वाटलं.

"संपली म्हणायची आपली अलिप्तता," तो म्हणाला. "काहून केलं असन असं?"

"घरात कोणाचे तरी दिवस भरले असतील," मी म्हटलं.

आतून नातीच्या रडण्याचा आवाज आला, मग जीपवालीचा. मला नाही, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखा.

"घरात कोणी असन तं पंचा द्या म्हणा."

मी उठून पंचा दिला. तिनं माझ्याकडं न बघता घेतला.